तिच्यासंगं पुरलेलं शास्त्र

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघा नवरा-बायकोनं गोधडी पिळली. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. भिजलेली गोधडी एकट्याच्यानं पिळत न्हाई. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या हातात, अन् दोघांनी उलट्या बाजूला पीळ द्यायचा. पाणी तिच्या पायावर पडलं तशी ती म्हणाली, "तुमचा हात ढिला पडला."

मी म्हणलो, "तुझाच पडला. माझ्यावर ढकलू नको."

बेचाळीस वर्षं आमचं ह्याच्यावरून भांडण. मंग गोधडी बाजेवर उन्हाला टाकली, ती आत गेली अन् मी मोसंबीच्या बागेत राखणीला गेलो. बाग माझी न्हाई, मालकाची हाय. मी आधी तिथं तोडणीला जायचो, आता नजर ठेवायला बसतो.

दिवेलागणीच्या आत ती गेली. छातीत कळ आली, शेजाऱ्यानं जीप काढली. मला सांगायला माणूस बागेत आला तवर जीप निघून गेल्ती. मी पळत पळत सडकेवर आलो तर जीप परत येऊन राह्यली होती. मागच्या शिटावर सून बसलेली, तिच्या मांडीवर हिचं डोकं.

म्हणजे शेवटचं बोलणं सुनेशी झालं. माझ्याशी न्हाई.

काय बोलली, ते मला चार दिवसांनी कळलं. पोरगं म्हणालं, "बा, आई तिला म्हणाली, ह्यांच्या चहात साखर कमी घालत जा." मला ते खरं वाटलं न्हाई. मला वाटलं ही पोरगी मनानंच सांगती, साखर वाचवायला. असा माझा जीव काळा झाला होता, ते लपवून काय करायचं?

तो आधीपासूनच काळा होता.

आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या बाजूला. गावात ख्रिस्ती घरं आठ-दहा. माझ्या आज्याच्या वक्तापासून आम्ही प्रभूचे. मी चौथीपर्यंत शिकलो. छापलेलं वाचतो, पण बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवून. बायको बोर्डिंगात सातवी शिकलेली, ती धडाधड वाचायची. म्हणून घरात रोज सांजच्याला प्रार्थना झाली की शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, वाचायचं तिनं, अन् शेवटाला प्रभूची प्रार्थना तेवढी मी म्हणायची. घरचा कर्ता म्हणून तेवढा मान ती माझ्यासाठी राखून ठेवायची.

तिची एक खोड होती. शास्त्रातली गोष्ट ती घरात आणून बसवायची. एकदा आमची शेळी बाजाराच्या दिवशी गर्दीत हरवली. मी म्हणलो, गेली तर गेली, कुणीतरी कापून खाल्ली असंल. ही अंधार पडंस्तोवर हिंडली अन् कान धरून घेऊन आली. वर अख्ख्या गल्लीला बोलावून चहा केला.

मी म्हणलो, "अगं, एक शेळी सापडली अन् अर्धी शेळी चहात गेली."

ती म्हणाली, "शास्त्रात मेंढरू सापडल्यावर शेजाऱ्यांना बोलावलंय. आपण काय चिक्कू हावोत का?"

असं तिचं चालायचं. पीठ संपत आलं की तिला एलियाची विधवा आठवायची, जिच्या मडक्यातलं पीठ कधी सरलं न्हाई ती. भावाभावात बांधावरून भांडण लागलं की याकोब अन् एसाव. मला ह्यातलं बरंच पटायचं. एकच गोष्ट पटली न्हाई. द्राक्षमळ्याच्या मालकाची.

तो मालक सकाळी मजूर लावतो, दुपारी लावतो, अन् दिवस बुडायला तासभर राह्यला तरी लावतो. आणि सांजच्याला सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. मी जन्मभर मजुरी केलेला माणूस. मी म्हणलो, "हे बराबर न्हाई. आमच्या बागेत असं केलं असतं तर आम्ही मोसंबीची गाडी उलटी केली असती."

ती म्हणाली, "उशिरा आलेल्याची लेकरं काय अर्धी भाकरी खातेत का?"

"लेकरांचं मला सांगू नको. उन्हात कोण तापलं ते सांग."

ह्याच्यावर आमचं किती वर्षं चाललं, काही मोजदाद न्हाई. ते पान आलं की ती वाचायच्या आधीच माझ्याकडं बघून हसायची.

मंग दोन वर्षांमागं सून आली.

पोरगं जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात कामाला हाय. आठ दिवसाला सुट्टीवर येतं. एका सुट्टीत येताना ही पोरगी संगं घेऊन आलं. हसनाबादकडची, चांगल्या शेतकरी घरातली, हिंदूची, कॉलेज शिकलेली. तिच्या घरच्यांनी सांगितलं, आमच्यासाठी ती मेली. मी म्हणलो, आम्हाला बी नको ही भानगड. बायको आत गेली, ट्रंकेतलं स्वतःचं नवं लुगडं काढलं अन् त्या पोरीच्या अंगावर टाकलं. झालं. निकाल लागला.

आमच्याकडं सासरा सुनेशी सरळ बोलत न्हाई. ख्रिस्ती झालो म्हणून जुन्या रीती काही सुटत न्हाईत. मधी सासू लागती. मी बायकोला सांगायचं, 'तिला म्हणावं मीठ जादा झालं.' मंग सुनेनं बायकोला सांगायचं, 'आत्या, मामांना म्हणावं उद्या कमी घालते.' तिघं बी एकाच खोलीत. अन् घरात शिरताना सासऱ्यानं खाकरायचं, म्हणजे सून डोक्यावर पदर घेती.

तर बायकोच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. मंग दुपारच्याला सून तिला शास्त्र वाचून दाखवायला लागली. मी बागेतून जेवायला यायचो तर आतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. शास्त्र वाचताना कुणी इतकं हसतं का? मी खाकरलो की हसणं बंद. बिलकुल बंद. मी आत जायचो तर एक भाकरी थापायला लागलेली अन् एक लसूण सोलायला बसलेली. दोघींच्या तोंडावर अजून ते हसू, अन् मला कुणी सांगायचं न्हाई.

बेचाळीस वर्षं ती माझी होती. दोन वर्षांत ह्या पोरीनं माझ्याएवढी घेतली. माझ्यापेक्षा जादा घेतली. मी जळत होतो. दुसरा शब्द न्हाई त्याला. भावावर जळून त्याला मारणाऱ्या काईनाची गोष्ट मी शंभर वेळा ऐकली, पण ती भावाची हाय, सुनेची न्हाई, असं मी मनाला समजावत होतो.

मातीच्या दिवशी तिला ठेवलेली लाकडी पेटी अंगणात होती. पाळकसाहेबानं प्रार्थना केली अन् मला विचारलं, "काका, काही ठेवायचंय का संगं?" लोक फुलं ठेवतेत, कुणी लाकडाचा क्रूस ठेवतं. मी आत गेलो अन् फळीवरचं तिचं शास्त्र घेऊन आलो. काळ्या पुठ्ठ्याचं, कडा फाटलेलं, मधी जागोजाग तिनं पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं. तिचं बारीक अक्षर मला कधी लागलं न्हाई. मला वाटायचं, खुणा असतील.

माझ्या डोक्यात एकच होतं. हे पुस्तक आता त्या पोरीच्या हातात जाणार. तीच फळीवरून काढणार, तीच हिच्या जागेवर बसून वाचणार.

मी पेटीजवळ गेलो. तेवढ्यात सून बायकांतून उठली अन् सगळ्यांच्या देखत मला म्हणाली, "मामा, ते नका ठेवू. तुमच्या पाया पडते."

दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलली, ते चारचौघांत, मला अडवायला. त्याच्या आधी माझ्या मनात जरा मागंपुढं होतं. ती बोलली अन् माझं पक्कं झालं. मी ते शास्त्र हिच्या हाताखाली ठेवलं अन् सुताराला म्हणलो, "बंद कर."

लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं काय प्रेम होतं बघा. पाळकसाहेबाचे डोळे भरून आले. मी खाली मान घालून उभा राह्यलो. ते प्रेम न्हवतं. मला ठाऊक होतं, अन् त्या पोरीला ठाऊक होतं.

मंग घरात आम्ही दोघंच राह्यलो. पोरगं चार दिवस थांबलं अन् कामावर गेलं. मधी बोलायला माणूसच न्हाई. मंग आम्ही शेळीसंगं बोलायला लागलो. मी दारात बसून म्हणायचो, "शेळे, आज मला भूक न्हाई." आतून आवाज यायचा, "शेळीबाई, भाकरी टाकून झाली, वाया जाईल म्हणावं." गावात कुणी ऐकलं असतं तर म्हणलं असतं, दोघं बी येडे झाले. सांजची प्रार्थना बंद पडली. मी फळीकडं बघायचो, तिथं धूळ न बसलेला एक चौकोन होता. तो बी हळूहळू धुळीनं भरला.

पंधरा दिवस झाल्यावर चर्चच्या मंडळीतल्या बाया आमच्या घरी प्रार्थनेला आल्या. त्यात बायकोची जुनी मैत्रीण होती. आमच्याच गल्लीतली म्हातारी, तोंडाळ, मनात आलं की बोलून मोकळी होती. प्रार्थना झाली, चहा झाला. ती मला म्हणाली, "दाजी, तुम्ही शास्त्र पेटीत घातलं ते बरं केलं न्हाई."

"का? तिचं होतं, तिच्यासंगं गेलं."

"अहो, सगळं घर लिहिलं होतं तिनं त्याच्यात. प्रत्येक गोष्टीच्या बाजूला घरातलं कायतरी. लेकराचा गोवर, तुमची भांडणं, सगळं. डोळे गेल्यावर सुनेकडून लिहून घ्यायची. आम्हाला बुधवारी वाचून दाखवायची सून. योनाच्या पानावर तुमच्याबद्दल लिहिलेलं ऐकून आम्ही हसून हसून लोळलो." बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"मला कुठं वाचता येतं? माझ्या ध्यानात बी राहत न्हाई. तुमच्या सुनेला विचारा, तिला सगळं पाठ हाय."

दुपारचं ते हसणं म्हणजे हे होतं तर. अख्ख्या मंडळीच्या बायांना माझ्या बायकोनं माझ्याबद्दल काय लिहिलं ते ठाऊक. मलाच ठाऊक न्हाई. आणि जिच्या हाती जाऊ नये म्हणून मी पुस्तक पुरलं, तिच्याच डोक्यात ते राह्यलं. मला त्याचा एक शब्द बी न्हाई.

त्या रात्री मी झोपलो न्हाई. दुसऱ्या दिवशी कबरस्तानात गेलो. माती अजून भुसभुशीत होती. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात कुदळ आली. चार हात माती, त्याखाली पेटी, पेटीत पुस्तक. मंग मला तिचे हात दिसले, त्या पुस्तकावरचे. मी तिथंच बसलो. तिला म्हणलो, "मला सांगून जायचं होतंस ना." ती काय सांगणार? मी कधी विचारलं होतं?

घरी आलो. सून अंगणात ज्वारी निवडत बसलेली. मी बाजेवर बसलो अन् शेळीला म्हणलो, "शेळे, योनाच्या पानावर काय लिहिलं होतं गं?"

सुपात हात थांबला. मंग ती शेळीकडं बघत म्हणाली, "शेळीबाई, ज्यानं पुरलं त्यालाच विचार म्हणावं."

लागलं मला. बरोबर जिथं लागायचं तिथं लागलं. मी उठलो अन् बागेत गेलो. दोन दिवस मी शेळीशी बी बोललो न्हाई. ती ताट आणून ठेवायची, मी खायचो, ती ताट न्यायची. चहात साखर कमी. मी म्हणलो, राहू दे अशीच.

तिसऱ्या दिवशी मी बागेतून आलो तर ती फळी पुसत होती. तो चौकोन होता तिथंच फडकं घेऊन उभी राह्यलेली, अन् रडत होती. आवाज न्हाई, नुसते खांदे हलत होते. मला ते बी बघवलं न्हाई. माझ्या बायकोसाठी माझ्यापेक्षा जादा कुणी रडावं हे मला सहन होईना. मी मातीच्या दिवशी बी रडलो न्हवतो. असा हलकट मी.

पण त्याच वक्ताला एक कळलं. हिला आता माय-बाप न्हाईत, होती ती सासू गेली. अन् सासूचं पुस्तक सासऱ्यानं पुरलं. ही कुठं जाणार?

मी म्हणलो, "पोरी."

ती दचकली. पदर घ्यायला गेली तर हातात फडकं. फडकंच डोक्यावर घेतलं.

मी म्हणलो, "माझं चुकलं. तुझ्यावर जळून मी ते पेटीत घातलं. तिच्यावर प्रेम म्हणून न्हाई. आता मला सांग, त्याच्यात माझ्याबद्दल काय होतं? वाईट असंल तरी सांग."

ती म्हणाली, "मामा, तुम्ही दोडक्याचा वेल लावला होता का कधी? मांडवावर?"

लावला होता. लई वर्षं झाली. लेकरासारखा वाढवला होता. एके रात्री आमच्याच शेळीनं बुडापासून खाल्ला. मी तीन दिवस जेवलो न्हाई. दारच्या कडूलिंबाखाली जाऊन बसलो, कुणाशी बोललो न्हाई.

"आत्यांनी तिथं लिहिलं होतं, सावलीचा वेल वाळला म्हणून योना देवावर रुसून बसला त्या ओळीपाशी: 'आमचे हे. वेल गेला म्हणून तीन दिवस. देवा, तू त्याला समजावलं तसं ह्यांना बी समजाव, माझ्यानं होत न्हाई.'"

मला हसू आलं. अन् हसता हसता दुसरंच काहीतरी झालं, मी बाजेवर बसलो अन् गमज्यानं तोंड झाकलं. ती पाणी घेऊन आली. मी म्हणलो, "अजून."

"मार्था एकटी राबते अन् बहीण प्रभूपाशी ऐकत बसते, त्या पानावर लिहिलं होतं: 'मार्थेचं बी खरं होतं. सगळ्याच बसल्या तर भाकरी कोण टाकणार?' ते वाचताना आम्ही रोज हसायचो."

"अन् द्राक्षमळ्याच्या मालकाच्या पानावर?"

"तिथं तीनदा लिहिलंय. आधी जुन्या अक्षरात: 'ह्यांना पटत न्हाई.' खाली दुसऱ्या वर्षाचं: 'अजून पटत न्हाई. त्यांनी ऊन खाल्लंय, त्यांचं बी चूक न्हाई.' अन् शेवटचं माझ्या अक्षरात हाय, आत्यांनी सांगितलं मी लिहिलं."

"काय?"

"'सून उशिरा आली, तिला बी पुरी मजुरी. आता ह्यांना मालकाचा राग येतो का माझा, ते बघायचं.'"

तिला ठाऊक होतं. माझं जळणं तिला दिसत होतं, अन् तिनं मला एका शब्दानं बोलून दाखवलं न्हाई. पुस्तकाला सांगितलं. माझ्याशी बोलली असती तर मी काय केलं असतं? लिंबाखाली जाऊन बसलो असतो.

मला आता सगळंच पाहिजे होतं. मी म्हणलो, "अजून सांग. सगळं सांग. पहिल्या पानापासून."

"न्हाई मामा."

"का न्हाई?"

"तुमच्याबद्दलचं सगळं सांगते. तुमच्या पोराचं सांगते, घराचं सांगते. पण काही आत्यांनी माझ्यासाठी लिहून घेतलं, मला आई-बापाची आठवण यायची तवाचं. ते माझं हाय. ते मी कुणाला सांगणार न्हाई."

परत तीच आग. माझी बायको, अन् तिचं काही ह्या पोरीचं, अन् मला हक्क न्हाई. ती माझ्यासमोर उभी, डोक्यावर फडकं, मान वर. मी बोललो असतो तर वाईटच बोललो असतो. म्हणून उठलो अन् बाहेर जाऊन पडलो. तिनं ताट आणून ठेवलं. मी खाल्लं न्हाई. ती आत गेली तशी शेळीला म्हणाली, "झालं, बसले लिंबाखाली." मला ऐकू आलं. मला ऐकू जावं म्हणूनच म्हणली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला धुरानं जाग आली. आत चूल पेटली होती, भाकरी थापल्याचा आवाज येत होता. सून भाकरी करत असताना सासऱ्यानं चुलीपाशी जायचं न्हाई, ही आमच्याकडची रीत. माझा बाप कधी गेला न्हाई, मी कधी गेलो न्हाई. मी तोंड धुतलं, फळीवरून माझं ताट घेतलं, आत गेलो अन् चुलीच्या दुसऱ्या बाजूला जमिनीवर मांडी घालून बसलो. ती बघतच राह्यली. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"उलट ती," मी म्हणलो. "अन् सांग, तुझं तुझ्यापाशी ठेव, माझं सांग."

तिनं भाकरी उलटली, अन् सांगायला लागली.